खान्देशातल्या घरात सक्युलंट: आखाजीनंतर पाणी आवरा, दसऱ्यानंतर मोकळं करा

जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकला की घरातल्या प्रत्येक कुंडीची तहान आपल्यालाच लागते. मोगऱ्याला, तुळशीला दोन वेळा पाणी दिलं जातं आणि तोच तांब्या खिडकीतल्या सक्युलंटवरही, म्हणजे जाड पानांत पाणी साठवून ठेवणाऱ्या झाडांवरही, रिकामा होतो. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी, पाणीदार होतात, बोट लावलं की गळून पडतात. ‘ऊन लागलं’ असं म्हणून कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात जाते. खरं तर ते झाड पाण्याने गेलेलं असतं.

यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतात. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. सक्युलंटांपैकी बहुतेक जण हे काम रात्री करतात. रात्री घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवायचा, छिद्रं बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी उजेडात तो वापरायचा. वाळवंटी उन्हात पाणी उडू नये म्हणून ही सोय आहे, पण तिला रात्र थंड लागते. मे महिन्यात आपल्याकडे स्लॅबखालच्या खोलीत मध्यरात्रीही ३२-३३ अंश असतात. अशा रात्री छिद्रं नीट उघडत नाहीत, वाढ थांबते आणि मुळं पाणी ओढणं जवळपास सोडून देतात. ओल्या, गरम मातीत स्वस्थ बसलेली मुळं म्हणजे बुरशीला वाढून ठेवलेलं ताट.

म्हणून या झाडांचं वर्ष आपल्याकडे वेगळं धरायचं. दसऱ्यापासून होळीपर्यंत वाढीचा हंगाम, आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पावसाळा लागेपर्यंत झोप, आणि पावसाळा म्हणजे नुसती राखण.

(जाता जाता: रात्री छिद्रं उघडतात म्हणून ‘स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं’ असं सांगून ते विकलं जातं. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं एवढं खरं. ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो.)

कोणतं आणावं

घरात ठेवायचं आणि खान्देशात ठेवायचं, या दोन अटी लावल्या की यादी छोटी होते. स्नेक प्लांट, हॅवर्थिया, गॅस्टेरिया, कोरफड आणि जेड. हॅवर्थिया आणि गॅस्टेरिया मुळात दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या, खडकांच्या आडोशाला वाढणारी, त्यामुळे खोलीतला कमी उजेड त्यांना चालतो. जेड म्हणून नर्सरीत मिळतं ते बहुधा पोर्तुलाकारिया असतं: लालसर दांडी, नखाएवढी गोल पानं. ते उष्णता उत्तम सोसतं, फक्त उजेड भरपूर मागतं. खरं जेड, म्हणजे क्रासुला, जाड आणि मोठ्या पानांचं असतं; ते थोडं नाजूक.

फुलासारखी दिसणारी, पानांवर पांढुरकी पावडर असलेली इचेव्हेरिया फोटोत सगळ्यात देखणी दिसते आणि घरात सगळ्यात आधी मरते. ती मेक्सिकोच्या डोंगराळ, थंड रात्रींच्या भागातली. थंडीत आणून होळीपर्यंत आनंद घ्यायचा असेल तर जरूर घ्या. जूनपर्यंत टिकेल या आशेने घेऊ नका. लाल-पिवळ्या गोळ्याचं कलमी कॅक्टसही तसंच. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, खालच्या हिरव्या खुंटावर तो जगतो, आणि हा जोड काही वर्षांत तुटतोच. त्यात तुमची चूक नसते.

विकत घेताना कुंडी उचलून बुंध्याशी हलकेच हलवा. झाड मुळातून डुगडुगत असेल तर मुळं गेलेली आहेत. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे कण (ही कीड असते) दिसले तर ती कुंडी तिथेच ठेवा. वर रंगीत खडे चिकटवलेले असतील तर घरी आल्यावर आधी ते उखडून काढा, कारण त्या डिंकाच्या थराखालची माती कधी वाळली हे कळत नाही.

माती: काळी नकोच

तापीकाठची काळी माती कपाशीला, केळीला मानवते ती तिच्या पाणी धरून ठेवण्याच्या ताकदीमुळे. त्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात, तशाच त्या ४ इंची कुंडीतही पडतात. भेग पडताना केसासारखी बारीक मुळं तुटतात. पुढचं पाणी भेगेतून आणि कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. आणि तो एकदा भिजला की आठवडाभर ओला. दोन्हीकडून नुकसान. ‘थोडी तरी घालू या, कस येईल’ हा मोह टाळा. वाळूत मिसळलेली थोडी काळी माती वाळूच्या दाण्यांमधली हवेची जागाच बुजवते.

नर्सरीतून झाड येतं ते बहुतेक वेळा कोकोपीटमध्ये. कोकोपीट वरून वाळलेलं दिसतं, पण आत ओल धरतं. आणि पूर्ण वाळलं की पाणी आत घेत नाही. तेही काढून टाकायचं.

मिश्रणासाठी लागणाऱ्या गोष्टी गावातच मिळतात. मापाला एक वाटी घ्या, वजन नको.

गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत १ वाटी. जाड वाळू १ वाटी. पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे २ वाट्या. ४ इंची कुंडीमागे एक चमचा निंबोळी पेंड.

वाळू बांधकामावरची चालते, पण आधी पाण्यात खळबळून गढूळ पाणी तीन-चार वेळा फेकून द्या. वीट फोडल्यावर दोन चाळण्या लागतात. गव्हाच्या चाळणीतून जे खाली पडेल ते घ्या, मग ते पिठाच्या चाळणीत घालून जे वर राहील तेवढंच ठेवा. खाली पडलेली विटेची भुकटी कुंडीत गेली तर तिचा चिखल होतो. वीट पक्की आहे का याची शंका असेल तर दोन तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी बोटांनी चुरडले गेले तर ती वीट कामाची नाही. परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे) मिळत असेल तर विटेऐवजी वापरता येतं. फक्त ते हलकं असल्याने पाणी घालताना वर तरंगतं. आपल्याकडे वीट स्वस्त आणि वजनदार. त्यामुळे कुंडीही कलंडत नाही.

मिश्रण जमलं का हे बघायला रिकामी कुंडी त्याने भरा आणि पेलाभर पाणी ओता. पाणी वर साचून न राहता आठ-दहा सेकंदांत भोकातून ठिबकायला लागलं पाहिजे. ओल्या मिश्रणाची मूठ वळून उघडली की लाडू न होता ते विस्कटलं पाहिजे. लाडू झाला तर आणखी वीट घाला.

कुंडी आणि लावणी

कुंभाराकडची साधी मातीची कुंडी, तळाला भोक, आणि झाडाच्या मुळांच्या गोळ्यापेक्षा फार तर इंचभर मोठी. मोठी कुंडी म्हणजे जास्त माती, जास्त माती म्हणजे मुळांनी न ओढलेलं जास्त पाणी. भोक नसलेला चिनी मातीचा कप शोभेला हवाच असेल तर झाड प्लास्टिकच्या छोट्या कुंडीत लावून आत ठेवा आणि पाणी देताना बाहेर काढा.

तळाला खड्यांचा थर देण्याची पद्धत जुनी आहे आणि तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या खड्यांत सहज उतरत नाही, खड्यांच्या वरच्या सीमेवरच अडून बसतं. म्हणजे ओलीचा पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा टाका, एवढं पुरे.

लावणीचा किंवा कुंडी बदलण्याचा काळ पितृपक्षानंतर दिवाळीपर्यंत, नाही तर संक्रांत ते महाशिवरात्र. क्रम असा:

१. आधी चार-पाच दिवस पाणी बंद. कोरड्या मातीतून झाड मुळं न तुटता निघतं.
२. कुंडी आडवी करून झाड काढा. जुनी माती, कोकोपीट बोटांनी आणि काडीने झाडून टाका. धुवायची गरज नाही. मुळांच्या मधोमध नर्सरीची कापडी किंवा प्लास्टिकची जाळी अडकलेली असते, ती कात्रीने कापून काढा.
३. काळी, पोकळ, ओढल्यावर सालीसारखी निघणारी मुळं कापा. पांढरी किंवा फिकट तपकिरी आणि टणक मुळं ठेवा.
४. झाड सावलीत कागदावर तीन दिवस पडू द्या. जखमा सुकतात.
५. कोरड्या मिश्रणात लावा. बुंधा आधी होता तेवढाच वर ठेवा, खालची पानं मातीत गाडू नका.
६. पहिलं पाणी पाच ते सात दिवसांनी.

चौथी आणि सहावी पायरी लोक घाईने वगळतात आणि नवं झाड पंधरवड्यात कुजतं. तुटलेलं मूळ ओल्या मातीत गेलं की बुरशीला वाट मिळते.

जागा आणि उजेड

माणसाला खोली लख्ख वाटते तेव्हाही झाडाला ती अंधारीच असते. खिडकीपासून फूटभर आणि सहा फूट यांत उजेडाचा कितीतरी पटींचा फरक पडतो. टीव्हीशेजारी, जेवणाच्या टेबलावर, बाथरूममध्ये ठेवलेलं जेड दोन-तीन महिन्यांत उंच, फिकट आणि विरळ पानांचं होतं. ही वाढ चांगली समजू नका. झाड उजेडाकडे ओढलं जातंय. एकदा लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही, शेंडा कापून नव्याने लावावा लागतो.

पूर्वेची खिडकी बाराही महिने उत्तम. दक्षिणेच्या खिडकीचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. जळगाव, धुळे, नंदुरबार साधारण २१ अंश अक्षांशावर आहेत. मेच्या शेवटी दुपारचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळपास शिरतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो आणि ऊन खोलीत आतपर्यंत येतं. म्हणजे दक्षिणेची खिडकी थंडीत ऊन देते आणि मेमध्ये स्वतःच सावली धरते. सक्युलंटला याहून सोयीची जागा नाही. पश्चिमेची खिडकी मात्र मार्च ते जून घातक. दुपारी तीनचं ऊन, तापलेली काच आणि तापलेले लोखंडी गज यांच्यात पान अक्षरशः शिजतं. तिथे ठेवायचंच तर पातळ पांढरा पडदा आणि काचेपासून दोन फूट अंतर.

जुन्या धाब्याच्या घरात भिंती जाड, खिडक्या लहान. मेमध्ये गारवा मिळतो पण उजेड कमी. तिथे स्नेक प्लांट आणि हॅवर्थिया एवढंच ठेवा, तेही झरोक्याखाली किंवा ओसरीच्या कडेला. पत्र्याच्या घरात उलट. वरची हवा सगळ्यात गरम असते, म्हणून एप्रिल-मेमध्ये कुंड्या फळीवरून उतरवून जमिनीलगत, उत्तरेच्या भिंतीशी ठेवा. खिडकीच नसेल तर १२ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब झाडापासून फूटभरावर रोज १२ तास लावला तर हॅवर्थियाचं निभतं. जेडचं नाही.

घरातलं झाड एकदम उन्हात नेऊ नका. पहिले तीन-चार दिवस सकाळचा तासभर, मग वाढवत पंधरा दिवसांत पूर्ण. घाई केली तर पानावर पांढरट, मग तपकिरी कोरडे चट्टे पडतात आणि ते पान गळेपर्यंत तसेच राहतात.

आता कूलर. आपल्याकडे मार्चअखेर ते जून कूलरशिवाय घर नाही, आणि कूलर खोलीत गारव्याबरोबर दमटपणा भरतो. बाहेर कोरडी झळ असताना कूलरच्या खोलीतली कुंडी मात्र वाळायचं नाव घेत नाही. त्या खोलीतल्या झाडाला शेजारच्या खोलीतल्या झाडापेक्षा निम्मंच पाणी लागतं. कूलरच्या थेट झोतात कुंडी ठेवू नका. पानांच्या बेचक्यात तुषार बसून तिथूनच कूज सुरू होते.

पाणी कधी, किती

दिवस मोजून पाणी देण्यापेक्षा माती तपासा. बांबूची बारीक काडी, कबाबची किंवा जुन्या झाडूचीही चालते, कुंडीच्या कडेने तळापर्यंत घाला, पाच मिनिटांनी काढा. काडीला ओल किंवा माती चिकटली तर पाणी नाही. थोड्या दिवसांनी कुंडी उचलूनच कळायला लागतं.

द्यायचं तेव्हा मातीवर, चारी बाजूंनी, तळातून निथळेपर्यंत. ४ इंची कुंडीला साधारण १५० ते २०० मिली लागतं. पंधरा मिनिटांनी खालची बशी ओतून टाका. रोज चमचा-चमचा पाणी घालण्याची सवय वाईट: वरचा थर कायम ओला, खालची मुळं कोरडी.

अंदाजासाठी वर्षाचा हिशेब असा धरा. दसरा ते संक्रांत दर १० ते १२ दिवसांनी पोटभर. धुळ्यात थंडीत पारा एक आकडी होतो. अशा लाटेत त्या आठवड्याचं पाणी सरळ चुकवा. संक्रांत ते होळी ८ ते १० दिवसांनी. होळीनंतर अंतर वाढवत न्या. आखाजीपासून पाऊस येईपर्यंत १२ ते १५ दिवसांनी आणि निम्मंच, म्हणजे कुंडीला ७०-८० मिली. मुळं पूर्ण सुकून मरू नयेत एवढ्यापुरतं. वेळ पहाटेची, कारण माती तेव्हाच सगळ्यात गार असते. पावसाळ्यात पोळ्यापर्यंत १५ ते २० दिवसांनी, आणि सलग झड असेल तर अजिबात नाही. स्नेक प्लांट आणि कोरफड याला थोडा अपवाद: उन्हाळ्यातही त्यांची वाढ चालू राहू शकते, त्यांना माती वाळल्यावर पूर्ण पाणी चालतं.

उन्हाळ्यात दुपारी नळ सोडून कुंडीला पाणी देऊ नका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तेव्हा हाताला चटका देतं, मुळांना किती देत असेल! रात्री बादलीत भरून ठेवलेलं पाणी पहाटे वापरा.

पाण्याच्या प्रतीकडेही बघा. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. कुंडीच्या बाहेरून पांढरी पावडर येते, मातीवर पापुद्रा धरतो, पानांची टोकं जळतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं फेकायचं पाणी ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून कुंडीत ओतलं जातं; त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. कूलरच्या टाकीतलं पाणीही तसंच, दिवसभर वाफ होऊन मागे क्षार साठलेले. ही दोन्ही फरशी पुसायला वापरा. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं, एसीच्या नळीतलंही चालतं. बोअरशिवाय पर्याय नसेल तर थंडीत एकदा-दोनदा कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी सावकाश ओता आणि पूर्ण निथळू द्या. क्षार धुऊन जातात.

खत

फार थोडं. शेतीच्या दुकानात ठिबकसाठी मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) घरात असतंच. लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, फक्त दिवाळी ते होळी. पिकावर फवारतात ते प्रमाण इथे वापरू नका. युरिया नको, ताजं शेण नको.

काय बिघडलंय ते ओळखणं

पानं सुरकुतली की पहिला हात तांब्याकडे जातो. थांबा, काडी घाला. माती तळापर्यंत कोरडी असेल तर तहान आहे. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत पान टरारतं. माती ओली असून पान सुरकुतलेलं असेल तर मुळं कुजली आहेत, पाणी वर पोचतच नाहीये. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे उरलेलं झाडही घालवणं.

पान पिवळं, काचेसारखं, पिळलं तर पाणी सुटतं: पाणी जास्त. सगळ्यात खालची एक-दोन पानं कागदासारखी सुकली: ते नैसर्गिक आहे, सुकी पानं काढून टाका, नाही तर किडी तिथे लपतात. कडा लालसर: ऊन भरपूर आहे, झाड ठीक आहे. पानाखाली खरखरीत तपकिरी पुटकुळ्या: पाणी एकदम जास्त आणि हवा कोंदट.

मार्च-मेच्या वावटळीत पानांवर धूळ बसते आणि उजेड अडतो. मऊ ब्रशने झाडा. पावडरवाल्या पानांना मात्र हात लावू नका, ती पावडर पुन्हा भरून येत नाही.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. कपाशीवाल्यांना वेगळी ओळख नको. बेचक्यात पांढरा कापूस, पान चिकट, आणि कुंडीवर मुंग्यांची रांग. कुंडी लगेच बाकीच्यांपासून दूर करा. मेडिकलमधल्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी बुडवून प्रत्येक ढेकूण टिपा. दर सात दिवसांनी, किमान चार वेळा, कारण अंडी एका फेरीत मरत नाहीत. नंतर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि पाव चमचा भांड्यांचं लिक्विड मिसळून संध्याकाळी फवारा, आधी एका पानावर दोन दिवस बघून. वर काही दिसत नसताना झाड खंगत असेल तर कुंडीतून काढून मुळं तपासा. ढेकूण मातीतही बसतात. मग सगळी माती फेकून मुळं धुवायची, तीन दिवस वाळवायची आणि नव्या मिश्रणात लावायची.

कुजलेलं वाचवणं आणि पिल्लं

बुंधा काळा, मऊ पडला असेल तर खालचा भाग गेला. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वरून खाली न जाता खालून वर पातळ काप घेत जा. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसा. कापाच्या आत तपकिरी ठिपका दिसतो तोवर थांबू नका. पूर्ण स्वच्छ हिरवा-पांढरा काप आला की तो शेंडा सावलीत पाच ते सात दिवस सुकू द्या. हळद लावतात, चालते. पण काम सुकवणं करतं. मग कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा, दहा दिवसांनी थोडं पाणी. दोन-चार आठवड्यांत मुळं येतात. हे मे महिन्यात करायची वेळ आली तर सुकलेला शेंडा तसाच गार खोलीत कागदावर पडू द्या, पाऊस स्थिरावल्यावर लावा; जेडचा जाड शेंडा महिनाभर सहज तग धरतो.

हॅवर्थिया आणि कोरफडीची पिल्लं दसऱ्यानंतर वेगळी करा, स्वतःची दोन-तीन मुळं फुटलेली असतील तेव्हाच. स्नेक प्लांटच्या पानाचे तीन-चार इंचांचे तुकडेही लागतात, फक्त खालची बाजू खालीच राहील अशी खूण करून ठेवा, उलटा तुकडा रुजत नाही. पिवळ्या किनारीची जात असेल तर पानापासून येणारी रोपं किनार नसलेली, साधी हिरवी निघतात. किनार हवी असेल तर मातीतला गड्डा कापून विभागणी करा.